सतरा क्रमांकाची मतं व इतर मालमत्ता

मी, कोह सेंग-हुन, वय वर्षे बावन्न, अविवाहित, मंदिराच्या पाठशाळेत संस्कृत शिकवणारा, राहणार ताइनान, आज सकाळची पेज पोटभर खाऊन, चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. दडपण आहे, ते निराळं.

आरंभी एक तक्रार. ओंग बाई आपल्या दुकानात भाड्याने द्यायच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक कोरी चिठ्ठी डकवतात. वाचणाऱ्याने तिच्यावर मत लिहायचं. खाली नाव नाही, फक्त सभासद क्रमांक. चाल उत्तम आहे. परंतु बाई चिठ्ठ्या तांदळाच्या खळीने डकवतात, आणि झुरळं खळीबरोबर मतंही खातात. एका त्रिखंडी रहस्यकथेवरचं माझं मत आता ‘खुनी कोण हे बाराव्या पानावरच’ एवढंच उरलं आहे. सहा वर्षं मी हे सांगतो आहे.

“मास्तर, झुरळं सगळ्यांचीच मतं खातात,” बाई म्हणतात. “बोंब फक्त तुमची.”

कलम पहिले. माझ्या दोन खोल्या, भांडीकुंडी आणि परसातलं पेरूचं झाड धाकटी बहीण सिऊ-गिम हिला. तिचे यजमान तान यांना मत्स्यपालनाचं सचित्र पुस्तक. ते त्यांच्याकडेच आहे, चार वर्षं झाली. त्यावर मी लिहिलं होतं, ‘लेखकाने मासा ताटातच पाहिलेला दिसतो.’ तानरावांनी मत न वाचता तळं खणलं. त्यातले मासे कसे मेले हे मी लग्नकार्यात सांगत असे. यापुढे सांगणार नाही, हीही देणगी समजावी.

कलम दुसरे. क्योतोत सहा वर्षं घोकून पाठ केलेल्या धातुरूपांच्या वह्या पाठशाळेला. सोबत तर्कशास्त्राचा तो जाडा ग्रंथ. ‘धूर दिसला की अग्नी आहे, हे सांगायला चारशे पानं, तोवर घर जळून जाईल,’ असं मी त्यावर लिहिलं होतं. ते मागे घेतो. धूर वेळेवर ओळखणं मला जमलं नाही.

कलम तिसरे. माझी मतं. सतरा क्रमांक म्हणजे मी, हे गावाला ठाऊक आहे, कारण ते मीच चहाच्या दुकानात मिरवत सांगितलं. एका डॉक्टरांच्या प्रेमकवितांवर लिहिलं, ‘रोग जुना आहे, वैद्याने स्वतःवर उपचार करावेत.’ डॉक्टरांनी तेव्हापासून मला कडू औषधं दिली, त्यांना क्षमा. आता आपल्या या बेटावर राज्य करणाऱ्यांपैकी एका सेनापतीच्या आत्मवृत्तावर लिहिलं, ‘सेनापती प्रत्येक प्रकरणात लढाई जिंकतात, आणि पुढच्या प्रकरणात आणखी दक्षिणेला मुक्काम करतात.’ दुसऱ्या आठवड्यात त्याखाली एकतीस क्रमांकाने लिहिलं, ‘आता बेट लागलं. पुढचा खंड पोहत लिहावा लागेल.’

मी दुकानात एकटाच मोठ्याने हसलो. पुढे तीन वर्षं आम्ही एकमेकांच्या मताखाली मतं लिहीत राहिलो. घड्याळं दुरुस्त करणारे लिआउ, क्रमांक नऊ, अधूनमधून खाली ‘दोघेही गाढव’ असं लिहीत. त्याहून सुखाचा काळ मला आठवत नाही.

गेल्या महिन्यापासून करड्या कोटातले एक गृहस्थ दुकानात येतात.

“वाचत नाही हो तो,” बाई म्हणाल्या. “शेवटचं पान तेवढं उघडतो. संध्याकाळी पुस्तक परत येतं. चिठ्ठी जागेवर नसते.”

“फाडतो?”

“फाडेल कशाला! ओलं फडकं लावून अलगद सोडवतो. हात फार स्वच्छ आहेत मेल्याचे.”

लिआउंचं दुकान बंद आहे, त्याला आज अकरा दिवस झाले. दाराला कान लावला की आतली घड्याळं ऐकू येत. एकेक करून थांबत गेली. परवापर्यंत एक चालू होतं.

सभासदांच्या नावांची वही बाईंनी शेगडीत घातली. “भाताला धूर लागला जरा,” एवढंच म्हणाल्या. कोणाचा क्रमांक कोणता, हे त्यांना वही पाहिल्याशिवाय कधीच आठवत नसे. तेव्हा एकतीस क्रमांक कोण, हे आता कुठल्याही कागदावर नाही. या कागदावरही क्रमांक मी बदलून लिहिला आहे.

परंतु स्वयंपाकाचं एक पुस्तक आहे. कालवांच्या धिरड्याची कृती चुकीची आहे, यावर आमचा वाद पेटला होता. तिथे शेवटचं उत्तर म्हणून मी ऐटीत लिहिलं, ‘काल बाजारात आपण कालवं निवडताना याच चिठ्ठीवरचं आपलं वाक्य विक्रेत्याला ऐकवत होता. मी आपल्याला ओळखलं, आपण मला पाहिलंही नाही.’

आज सकाळी ती चिठ्ठी काढायला गेलो. फळीवर पुस्तकाएवढी फट होती.

“आत्ताच नेलं,” बाई म्हणाल्या. “मी म्हटलं, साहेब, हे तर स्वयंपाकाचं. म्हणाला, भूक लागली आहे.”

इतकी वर्षं झुरळांना शिव्या दिल्या. त्या एका चिठ्ठीला मात्र एकही शिवलं नाही.

कलम चौथे. हा कागद सिऊ-गिमने मी मरण्याची वाट न पाहता उघडावा. शुक्रवारी जेवायला आलो नाही, तर उघडावा. पहिली दोन कलमं कापून ठेवावीत, उरलेलं जाळावं. एकतीस क्रमांकाला सावध करायला मी जाऊ शकत नाही. माझ्यामागे आता दोन सायकली असतात, आणि मी ज्या दारात उभा राहीन ते दार त्यांचं होईल.

कलम पाचवे व शेवटचे. मरणाची मला फारशी भीती वाटत नाही. ते लोक मला एकच गोष्ट विचारतील, आणि तिचं उत्तर माझ्याशिवाय कोणाकडे नाही. आजवर मला कोणी काही विचारलं आणि मी गप्प राहिलो, असं एकदाही झालेलं नाही. या वेळी जमेल की नाही, मला खरंच माहीत नाही.

ठिकाण ताइनान. प्रजासत्ताकाचं बेचाळिसावं वर्ष, म्हणजे इसवी सन एकोणीसशे त्रेपन्न, अकरावा महिना, तारीख एकोणीस, गुरुवार.

सही: कोह सेंग-हुन
साक्षीदार पहिला: ओंग बाई, सही
साक्षीदार दुसरा: लिआउ, घड्याळवाले. जागा कोरी ठेवली आहे.