पुडीतल्या गोळ्या

१४ नोव्हेंबर

प्रिय ढब्बू,

अनेक आशीर्वाद. आईचे गुडघे बरे आहेत, म्हणजे पाहुणे आले की दुखतात. औषधांच्या दुकानाच्या काउंटरची फुटकी काच अखेर बदलली. तू डेपोच्या चौकशी खिडकीत बसून प्रवाशांवर डाफरतोस, असं तुझी बायको सांगत होती. वीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला खिडकीत बसवल्यावर दुसरं काय होणार!

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू हसवतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. नऊ महिने राहिलंय.

बाबा गेल्यावर तुझी झोप उडाली होती. तू दुकानात येऊन म्हणालास, "ताई, काहीतरी दे गं. डोळ्याला डोळा लागत नाही." मी कागदाच्या पुडीत गोळ्या बांधून दिल्या आणि व्हिटॅमिनच्या आहेत म्हणाले. त्या झोपेच्या होत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत अशा. खरं कळलं असतं तर तू घेतल्या नसत्यास. पंधरा दिवसांसाठी म्हणून सुरू केल्या आणि सात महिने देत राहिले.

मग औषध निरीक्षक गोळ्यांचा हिशेब तपासायला येणार असं कळलं आणि माझी पाचावर धारण बसली. त्या दिवसापासून तुझ्या पुडीत मी खरोखरच व्हिटॅमिनच्या गोळ्या भरल्या. रंग तोच, आकारही तोच. पाचव्या दिवशी तू डेपोत फिट येऊन पडलास.

मेंदूतल्या पेशी रसायनांतून एकमेकींना निरोप धाडतात. काही निरोप 'चल' म्हणणारे, काही 'थांब' म्हणणारे. ती गोळी 'थांब'चा जोर वाढवते. महिनोन्‌महिने घेतली की मेंदू त्या जोराला सरावतो, स्वतःचा ब्रेक सैल सोडतो. मग गोळी एकदम काढली तर उतारावरच्या गाडीचं जे होईल, ते होतं. गिऱ्हाइकांना मी हे शंभरदा बजावलंय.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?" तू म्हणालास, "छे हो, ताईच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या तेवढ्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तुझ्या फाइलवर फिट्सचा आजार लिहिला गेला आणि बस चालवायचा परवाना गेला.

परवा तुझ्याकडे आले होते. तुझी लेक हात पसरून तुझ्याकडे आली, तर तू तिला कडेवर घेतलं नाहीस. "मला मध्येच काही झालं तर पडेल ती," म्हणालास. माझी मलाच शिसारी आली रे.

आज सकाळी डॉक्टरांना सगळं लेखी देऊन आले. ते म्हणाले, "हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पुन्हा तपासण्या करू, मग ठरवू." औषध खात्यालाही कळवलंय. दुकान राहणार नाही बहुतेक. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. पण फिट्सच्या गोळ्या रागाच्या भरात फेकून देऊ नकोस. डॉक्टर सांगतील तशाच, थोड्या थोड्या कमी करायच्या असतात. एकदम बंद करायच्या नसतात. हे मला तेव्हाही माहीत होतं.

पुडी हातात घेताना जिला तू एकदाही "यात काय आहे?" असं विचारलं नाहीस, ती
तुझी ताई