सुनेच्या रागाबद्दल दिलेला जबाब रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. होरिगुचि-सान,
प्रमुख, सुरक्षा व चाचणी विभाग,
कितामोरी शिकारी रायफल कंपनी,
तोयोसु कार्यालय, तोक्यो.

अर्जदार: श्रीमती सिंधू पंढरीनाथ खरवंडीकर, वय ७४, राहणार निशी-कसाई, तोक्यो.

विषय: सून सौ. संपदा हिला नव्या रायफलीच्या शेवटच्या चाचणीतून काढल्याचा हुकूम मागे घेण्याबाबत.

संदर्भ: १) आपली घरभेट, दि. २७ ऑक्टोबर २०२४. २) आपलं पत्र, दि. ३१ ऑक्टोबर २०२४, एका पानाचं, शिक्के तीन.

महोदय,

१. अर्जदार ही संपदाची सासू. संपदा आपल्या कंपनीत चार वर्षं एकाच रायफलीचं डिझाइन करते आहे. चाचणीच्या मैदानावर कुणाच्या हातात बंदूक देण्याआधी त्याच्या घरी जाऊन चौकशी करायची, असा आपला नियम आहे. नियम चांगलाच आहे. तो राबवायला माणूसही त्या लायकीचा लागतो, एवढंच.

२. आपण आलात. बूट ओळीत लावलेत, दोन वाट्या चिवडा खाल्लात आणि फॉर्म काढलात. अर्जदाराचा मुलगा विश्वजित भाषांतराला बसला. पहिलाच प्रश्न, सून तापट आहे का? आता आमच्यात परक्या माणसापुढे सुनेचं कौतुक करत नाहीत, दृष्ट लागते. आधी सासूने चार वाकडे शब्द बोलायचे. मग पाहुण्याने म्हणायचं, "छे हो, गुणाची दिसते पोर." मग सासूने मान हलवून खरं काय ते सांगायचं. अर्जदाराने आपलं काम चोख केलं. आपली पाळी आली तेव्हा आपण पेनाचं टोपण काढलंत.

३. पाहुणा काही बोलेना, म्हणून अर्जदाराला पुढे पुढे जावं लागलं. संपदा चिडली की सातव्या मजल्यापर्यंत सगळ्यांच्या फोनवर भूकंपाचा इशारा वाजतो, असं ती म्हणाली. आपण लिहिलंत. लग्नात नवरदेव उशिरा आला म्हणून संपदाने त्याला घोड्यासकट उचलून मांडवात आणून ठेवलं, असं सांगितलं. तेही लिहिलंत, आणि घोड्याला इजा झाली का ते विचारलंत. शेवटी अर्जदार म्हणाली, एकदा हिने डाव्या हाताने लाटणं भिरकावलं ते आराकावा नदी ओलांडून पलीकडच्या वॉर्डात पडलं, आणि तिथल्या सज्जन माणसाने ते धुऊन, पुसून, चिठ्ठीसकट परत आणून दिलं. यावर कुत्रंसुद्धा हसलं असतं. आपण विचारलंत, "कोणत्या तारखेला?"

विश्वजित कानाशी येऊन म्हणाला, "आई, ते खरंच लिहितायत गं." अर्जदार म्हणाली, "लिहू दे. घरी जाऊन बायकोला वाचून दाखवेल, तेवढीच करमणूक." आपल्या घरी करमणुकीची चाल नाही, हे तिला काय ठाऊक?

४. चार दिवसांनी पत्र आलं. त्यात लिहिलं आहे, 'सदर महिलेस वस्तू फेकण्याची सवय. नोंदलेलं अंतर सुमारे दीड किलोमीटर.' महोदय, आपण बंदुकीच्या कारखान्यात विभागप्रमुख आहात. हातातून सुटलेली वस्तू किती लांब जाते, याचाच आपल्याला पगार मिळतो. तो कोण देतं आणि का देतं, याची चौकशी करायला कंपनीने आपल्या घरी माणूस पाठवायला हवा.

५. आता रायफलीचं. ही एकदा झाडली की रिकामं काडतूस आपोआप बाहेर आणि पुढचं आपोआप आत. चाप मात्र दर वेळी नव्याने ओढायचा. जुन्या मॉडेलमध्ये होक्काइदोच्या थंडीत तेल घट्ट व्हायचं आणि दुसरं काडतूस अर्ध्यात अडकायचं. समोर जखमी अस्वल असताना अर्ध्यात अडकलेलं काडतूस म्हणजे काय, ते खुर्चीत बसून कळत नाही. संपदाने तेलाच्या बाटल्या घरच्या फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाशेजारी दोन हिवाळे ठेवल्या, रोज सकाळी काढून, वाकड्या करून तेल वाहतं का ते बघितलं. शिवाय रिकामं काडतूस डावखुऱ्या माणसाच्या तोंडावर उडतं, हे तुमच्या सगळ्या उजव्या हातांच्या साहेबांना तीस वर्षांत सुचलं नव्हतं. ते तिने बदललं. (अर्जदाराच्या सासऱ्यांनी एका गोळीत दोन वाघ आणि येताना एक कोल्हा पाडला होता, पण तो विषय वेगळा. हे लिहून घेऊ नये.)

६. शेवटच्या दोनशे गोळ्या जो झाडेल, त्याचं नाव रायफलीच्या डिझाइनच्या नकाशावर पहिलं लागतं, असा आपलाच दुसरा नियम आहे. येत्या शुक्रवारी त्या गोळ्या शिमादा-सान झाडणार. त्यांनी हे मॉडेल गेल्या सोमवारी पहिल्यांदा हातात धरलं. चार वर्षं संपदाची आणि नाव त्यांचं. आणि हे झालं अर्जदाराच्या तोंडामुळे, म्हणून हा अर्ज.

७. पत्र आलं त्या संध्याकाळी संपदाने ते उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं. विश्वजित आईवर ओरडला. संपदा त्याला म्हणाली, "आईंना काही बोलू नकोस, त्यांना कुठे माहीत होतं." मग अर्जदाराला विचारलं, "आई, भाकरी करू का पोळी?" आज नऊ दिवस झाले. एक उलटा शब्द नाही, आदळआपट नाही. रोज सकाळी सायकल काढते आणि स्टेशनला जाते. अर्जदाराने बारा वर्षांत हिचं तोंडावर कधी कौतुक केलेलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांत इतकं थंड डोक्याचं माणूस पाहिलेलं नाही. बंदूक हिच्या हातात नाही द्यायची, तर कुणाच्या? आपल्या फॉर्ममधल्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे. लिहून घ्यावं आणि चौथा शिक्का यावर मारावा.

तरी शुक्रवारच्या आत हुकूम फिरवावा, नाहीतर अर्जदार डबा घेऊन आपल्या कार्यालयात बसायला येईल.

इच्छा नसताना नम्र झालेली,
सिंधू पंढरीनाथ खरवंडीकर
दि. ९ नोव्हेंबर २०२४

सोबत: जपानी भाषांतर जोडलेलं नाही. विश्वजितने करायला नकार दिला. आपल्या कार्यालयात मराठी येणारी एकच व्यक्ती आहे. हा अर्ज तिच्याकडूनच मोठ्याने वाचून घ्यावा, आणि सातवा परिच्छेद तिने गाळू नये.