शिळ्या पाण्यातला पाहुणा

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघे वाकतील तेवढाच). तुझी कंबर काय म्हणते? भावोजींचा खोकला? माझं बरं चाललंय, म्हणजे चालायचंच.

पत्रास कारण तुझी लेक. नोकरीच्या गावी जाताना, खोली मिळेपर्यंत म्हणून तिने तो अ‍ॅक्सोलॉटल माझ्या गळ्यात मारला. (पाण्यातला सरडाच म्हण, फक्त गोरा आणि मानेपाशी लाल झालर. चेहरा इतका हसरा की रागवायला जीव धजत नाही.) "मामा, पाणी तेवढं सांभाळ," म्हणाली. आता पाणी सांभाळायला मला शिकवायचं? आपण कुणाची पोरं! आईने आदल्या दिवसाचं पाणी कधी घरात राहू दिलं का? तू कळशी घासायचीस, मी पिंप उपसायचो, निम्मं एकमेकांच्या अंगावर, आणि ओट्यापासून आई ओरडायची, "निघालं का रे शिळं पाणी?" काय दिवस होते गं ते! अजूनही सकाळी नळ सोडला की मी उगाच मागे वळून बघतो.

तर आईच्या शिस्तीने मी त्याची काचेची टाकी रिकामी केली, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा घासला, ताजं पाणी भरलं. टाकी लखलखली आणि प्राणी मलूल झाला. झालर कोमेजली, शेपटीचं टोक वळलं, गांडूळ पुढे धरलं तर तोंड फिरवलं. माझं धाबंच दणाणलं. फोनवर भाची रडायलाच लागली. त्या स्पंजात म्हणे घाण पचवणारे जिवाणू राहतात, ते मी धुऊन टाकले. वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन! म्हणजे या बाबाला शिळंच पाणी मानवतं. तेव्हापासून रोज थोडंच पाणी बदलतो, तेही क्लोरीन मारणारं औषध घालून. गारवा राहावा म्हणून बर्फाच्या बाटल्या तरंगवतो (फ्रीजमध्ये माझ्या दुधाला जागा नाही), आणि नळीत पाणी घेऊन, औषधाचे थेंब टाकून, अमोनिया (त्याच्याच घाणीतून होणारं विष) किती ते रंगावरून बघतो. आईने बघितलं असतं तर टाकीसकट मला बाहेर काढलं असतं. भाचीला आता खोली मिळाली आहे. पाणी ताळ्यावर आलं की ती त्याला न्यायला येणार. सुटेन एकदाचा!

तुझा धाकटा

ता. क. हे पत्र भाचीला दाखवू नकोस.

आणखी एक. पाणी केव्हाच ताळ्यावर आलंय, पठ्ठ्या गांडुळं हातातून ओढून खातो. पण पोर रोज संध्याकाळी फोन करते, "मामा, आज पाणी कसंय?" आणि मग कितीतरी वेळ बोलत बसते. आई गेल्यापासून मला रोज काही विचारणारं कुणी नव्हतं गं. तिने तुला विचारलंच तर सांग, मामाचं पाणी अजून काही जमलेलं नाही.