सायीखालची कॉफी

२० सप्टेंबर, शनिवार

कॉफी मशीनमध्ये माझ्या हातांनी केलेलं: बॉयलर — फॅक्टरीच्या भंगारातला स्टीलचा पाइप, दोन्ही टोकं मीच वेल्ड केली. पिस्टन — लेथवर, तिसऱ्या खेपेला जमला, आधीचे दोन फेकले. वाफेची नळी आणि तिचं चार भोकांचं टोक. खालची ठिबकथाळी. दाबायचा दांडा — नीलिमाचं शिसवी लाटणं, तडा गेलेलं. मी विचारून घेतलं. ती म्हणते, विचारलं नव्हतं. आणि समोर पितळी पट्टी, स्वतः कोरलेली: भानुदास.

विकत घेतलेलं: प्रेशर गेज. रास अल खोरचा भंगारवाला, वीस दिरहम, म्हणजे पावणेपाचशे रुपये. तोही खोटं दाखवत होता. सरळ केला.

डिग्री: नाही. यूट्यूब: आहे.

आज शेवटचा स्क्रू बसला. दांडा खाली ओढला, सोडला — आणि मधासारखी धार! दुबईत कुठल्याही मॉलमध्ये अशी पडत नाही. (सगळ्या मॉलमध्ये गेलो नाही. तरी.)

नीलिमानं कपात नाक घातलं. म्हणाली, "जळकं पाणी आहे हो." लग्नाच्या बावीस वर्षांत चहाशिवाय काही न प्यायलेल्या बाईचं मत!

लेक ओवी, सतराची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. "बाबा, दे सेल धिस डाउनस्टेअर्स, यू नो."

२३ सप्टेंबर

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या आमच्या फॅक्टरीत आज केक कापला. आमच्या कार्टन लाइनवरचा डिंकाचा नोझल — जो मी सहा महिने घासून केला, ज्यानं डिंकाची नासाडी निम्म्यावर आली — त्यावर पाटी लागली. "डिझाइन: अंकुर".

अंकुर बी.ई. आहे. मी केलेला नोझल त्यानं मापं घेऊन कॉम्प्युटरवर काढला. पोरगं वाईट नाही, कानात येऊन म्हणालं, "सर, मी त्यांना तुमचं नाव सांगितलं होतं." असेल. मॅनेजर म्हणाला, "भानुदासभाई, बनाने को तो कोई भी बना लेता है. ड्रॉइंग इम्पॉर्टंट है."

केक खाल्ला. दोन तुकडे. खलास.

२६ सप्टेंबर

एस्प्रेसो, म्हणजे कडक काळी कॉफी, जमते. दूध जमत नाही!

मला हवा आहे स्पॅनिश कोर्टाडो — छोट्या ग्लासात निम्मी एस्प्रेसो, निम्मं दूध. दूध वाफेनं असं फुलवायचं, की फेस म्हणून दिसता कामा नये. ओल्या ऑइल पेंटसारखं चकाकलं पाहिजे. माझं होतंय दाढीच्या फेसासारखं. वर ढीग, खाली पाणी.

नळीची भोकं बारीक केली. तेच. वाफेचा दाब वाढवला. तेच, शिवाय छतावर दूध. आता माझी वेगळी बाटली आणतो — फुल क्रीम, झाकणावर मार्करनं "भानुदास, हात लावू नये". रोज कामावरून येताना आणायची, फ्रीजमध्ये ठेवायची, सकाळी वापरायची. कंपनी तीनदा बदलली.

तेच!

२८ सप्टेंबर, रविवार

सत्यजित येऊन गेला. मराठी मंडळातला. रास अल खोरला त्याचा डाळी-मसाल्यांचा होलसेल आहे, आता खोर फक्कानला समुद्रासमोर छोटं कॉफी शॉप काढतोय. नीलिमाला चकल्यांची ऑर्डर द्यायला आला आणि ओट्यापाशी थबकला. मशीनवरून हात फिरवला. पट्टी वाचली.

"काका, हे तुम्ही केलंत? सगळं?"

"गेज सोडून."

"हे माझ्या काउंटरवर हवं. काचेत. वर पाटी — मेड बाय भानुदास. पुढच्या रविवारी येतो, कोर्टाडो पाजा. जमला तर बोलू."

मी "बघू" म्हणालो. तोंडानं. आत माझ्या नावाचे दिवे लागले होते.

नीलिमा म्हणाली, "त्याला विकून टाका. मला ओटा मिळेल."

२ ऑक्टोबर

अजून दाढीचा फेस. आता नळीचं टोकही मधूनच तुंबतं. माझ्या नळीचं टोक! मायक्रोमीटरनं मोजलेलं!

५ ऑक्टोबर, रविवार

कोजागिरी खरी उद्या. पण इथे सगळे सण रविवारी येतात, चंद्रालाही ॲडजस्ट करावं लागतं. नीलिमा दुपारपासून दूध आटवत होती — जायफळ, केशर, बदाम. घरभर वास. मी सांगितलं, कॉफीचा वास घालवतेयस. म्हणाली, "मग नाक बाहेर ठेवून या."

सत्यजित आला. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. एस्प्रेसो काढली, दोन ग्लास — अप्रतिम. माझी बाटली उघडली, दूध जगमध्ये ओतलं, वाफ सोडली.

फुस्स. मग काहीच नाही.

सत्यजित ग्लासाकडे बघतोय, मी नळीकडे. टोक उघडलं, टाचणी घातली. भोकातून एक पिवळट पापुद्रा बाहेर आला. बोटावर घेतला. वास घेतला.

साय!

"नीलिमा. माझ्या बाटलीतलं दूध तू तापवतेस?"

"मग काय, कच्चं ठेवू? रात्रभर?"

"ते पाश्चराइज्ड असतं! फॅक्टरीतून तापवूनच येतं!"

"फॅक्टरीत कुणी, कसं तापवलं मी काय बघायला गेले होते?"

म्हणजे मी आणायचो, ही रात्री उकळायची, गार झालं की साय काढायची आणि नरसाळ्यानं परत बाटलीत भरून, झाकण लावून, लेबल पुढे करून फ्रीजमध्ये ठेवायची! फुल क्रीममधलं क्रीम फ्रीजरमधल्या डब्यात. आणि उरलेले पापुद्रे माझ्या चार भोकांत. मी बॉयलर बदलायला निघालो होतो!

"त्यावर लिहिलंय, हात लावू नये!"

"हात कुठे लावला? चमच्यानं काढली." मग सत्यजितकडे वळून, "सायीचं तूप दिवाळीच्या लाडवांना लागतं. गेल्या वर्षी अठरा खाल्ले यांनी. तेव्हा नाही विचारलं साय कुणाची."

ओवी सोफ्यावर आडवी. "धिस इज द बेस्ट डे ऑफ माय लाइफ."

एस्प्रेसो गार व्हायला लागली. माझे कान लाल. तेवढ्यात नीलिमानं आटवलेल्या दुधाचं पातेलं उचललं आणि दोन्ही ग्लासांत बरोबर निम्म्यापर्यंत ओतलं. वर चमच्यानं थोडी साय सोडली. "घ्या. गरम आहे तोवर."

मी ओरडणारच होतो. सत्यजितनं आधीच घोट घेतला.

मग दुसरा. मग ग्लासच संपवला. तळाचं केशर बोटानं पुसून खाल्लं. "काका. हे काय आहे?"

मी माझा ग्लास उचलला. खोटं लिहिणार नाही. कडू आत येतं, तेवढ्यात जायफळ त्याला खांद्याला धरून बसवतं. शेवटी साय. मी सहा महिने स्पॅनिश माणसांचे व्हिडिओ बघत होतो.

नीलिमानं माझ्या ग्लासातून घोट घेतला. बावीस वर्षांत पहिली कॉफी. "आता पाणी जळकं नाही लागत," म्हणाली आणि ग्लास परत दिलाच नाही.

८ ऑक्टोबर

सत्यजितचा फोन. पक्की ऑफर. मशीन हवं, ते पेयही हवं. व्हॉट्सॲपवर पाटीचं चित्र पाठवलं: पितळी अक्षरं, समुद्राच्या बाजूला, रात्री मागून दिवा — "भानुदास". खाली बारीक: "एका माणसानं घडवलेली कॉफी". ग्लासावरही नाव.

बाथरूममध्ये जाऊन झूम करून पाहिलं. परत पाहिलं. फॉन्ट चांगला आहे. अंतर बरोबर आहे. बावन्न वर्षांत माझं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत फक्त व्हिसावर होतं, आणि तेही चुकीचं.

रकमेचा आकडा ऐकून नीलिमा म्हणाली, "घ्या. जन्मभर नाव नाव करत आलात."

"दूध तुझं आहे."

"दूध म्हशीचं आहे. घ्या म्हणते ना."

९ ऑक्टोबर

सत्यजितला म्हटलं, पाटीवर दोन नावं टाक. तो हसला. "काका, बोर्डावर एकच नाव चालतं. स्टोरी तुमची आहे, मशीनवाला माणूस. दूध काय, कोणीही आटवेल."

कोणीही आटवेल.

फोन ठेवल्यावर आठवलं, हे वाक्य मी आधी कुठे ऐकलंय. केक होता तेव्हा.

१० ऑक्टोबर

बाटलीवरचं लेबल काढलं. फ्रीजमध्ये आता दोन बाटल्या — एक तापवलेली, एक कच्ची. कच्चीकडे बघताना नीलिमा नाक धरते. कच्च्या दुधाचा कोर्टाडो एकदम जमला. चकाकतो! पण घरात तो मी एकटाच पितो. ओवीनंही सकाळी सायीचाच मागितला. "द अदर वन, बाबा. मम्माज्."

११ ऑक्टोबर, शनिवार

मशीनची जुनी पट्टी काढली, नवी कोरली. भानुदास, नीलिमा. तिच्या नावापाशी कोरणी घसरली, चरा गेला. म्हणाली, "बरोबर माझ्याच नावाला गेला." पुसत मात्र तीच होती, पदरानं. तिचा ओटा परत मिळालेला नाही.

मग सत्यजितला फोन लावला, नाही म्हणालो. पाटी अर्धी होती, नीलिमाशिवाय. ऑफर पूर्ण होती: मशीन, पेय आणि माझं एकट्याचं नाव, पंचेचाळीस हजार दिरहम. म्हणजे साडेदहा लाखांच्या वर.