काळ्या कडेतली बोटं

२ फेब्रुवारी
धायरीत एकदाचं बस्तान बसलं! खोली एकच, पण अख्खी गच्ची माझी आणि ऊन फुकट. घरमालकीण द्वारकाकाकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं की पाणी टँकरचं आहे, ते माहेरचं समजून उधळायचं नाही. बाई फटकळ आहेत, मला आवडल्या.

सोळा तारखेला नागपूरहून दीक्षा येतेय, लग्नाच्या खरेदीला. धाकटी असून आधी बोहल्यावर चढतेय याचं आईला वाईट वाटतं, मला अजिबात नाही. तिचा फोटो मी हातानं छापून देणार आहे. माळ्यावर फोटो छापायची सागवानी फ्रेमही सापडली, जाड काच आणि पितळी चाप असलेली. आधीच्या भाडेकरूची, म्हणे. आयतं घबाड!

५ फेब्रुवारी
ऑफिसचं काम घरूनच, म्हणून जेवणाच्या सुट्टीत छपाई. लोखंडाचा आणि चांदीचा क्षार एकत्र करून ब्रशनं कागदावर फिरवायचा, अंधारात वाळवायचा. त्यावर निगेटिव्ह, वर काच, चाप लावायचे आणि फ्रेम उन्हात. मग धुवायचं, चित्र पक्कं व्हायला हायपोच्या द्रावणात बुडवायचं. जिथे ऊन पोचतं तिथे काळपट तपकिरी, जिथे अडतं तिथे कागद कोरा. निगेटिव्हच्या बाहेर चारी बाजूंनी ब्रशचे फराटे उरतात, ते तर काळेकुट्ट होतात. मला ती ओबडधोबड कडच जास्त आवडते.

हातांवर चांदीचे काळे डाग पडलेत, साबणाला दाद देत नाहीत. काकूंनी विचारलं, कोळशाची वखार टाकलीस काय. दीक्षानं पहिल्या पगारातून दिलेली डाव्या हातातली खड्याची अंगठी मात्र मी कामातही काढत नाही.

८ फेब्रुवारी
कागदावर दीक्षा झकास उतरली, ओढणी सावरत हसणारी. फक्त उजव्या काळ्या कडेत चार पांढरे ठिपके आलेत. बोटांच्या टोकांएवढे. ब्रश नीट फिरला नसेल. माझाच धांदरटपणा.

१० फेब्रुवारी
नवा कागद, नवं द्रावण. ब्रश दोनदा फिरवला. आज कडेत ठिपके नाहीत, बोटं आहेत. पांढरी, पेरांसकट. करंगळी अर्धीच.

फ्रेम उन्हात असताना मी शेजारीच जेवत बसले होते. गच्चीचं दार आतून बंद. कुणी वरून हात धरला असता तर सावलीची कड पुसट आली असती. ही कड सुरीनं कापल्यासारखी आहे. म्हणजे हात कागदाला चिकटलेला होता, काचेच्या आत.

लिहिताना हसू येतंय, पण ते काही खरं हसू नाही.

११ फेब्रुवारी
काकूंना आधीच्या भाडेकरूबद्दल विचारलं. केयूर नाव. बिचारा एकटा होता, येणारंजाणारं कुणी नाही. बाजारातून अनोळखी माणसांच्या जुन्या निगेटिव्ह आणायचा, छापायचा, भिंतीवर लावून त्यांच्याशी बोलायचा. याच खोलीत वारला. करंगळीचं मी विचारलंच नव्हतं. काकू आपण होऊन म्हणाल्या, “प्रेसमधे अर्धी करंगळी तुटली होती त्याची. अगं, तोंड का उतरलंय?”

१२ फेब्रुवारी
परत छापला. हात कडेतून आत आलाय. दीक्षाच्या खांद्यावर आहे.

संध्याकाळी तिचा फोन आला. खांद्यावर काळे डाग आलेत, घासून जात नाहीत, हळद लागायच्या आधी जातील ना, असं विचारत होती. चार लांबट आहेत म्हणाली. एक आखूड.

१३ फेब्रुवारी
हायपोत बुडवलं नाही की चित्र उन्हात काळं होत जातं. म्हटलं, होऊ दे, हातासकट सगळं काळं होऊ दे. कच्चाच कागद उन्हात टाकला. चूक केली. दीक्षा काळी झाली. हात पांढराच राहिला, आता तिच्या गळ्याशी.

फोन केला तर तिचा आवाज बसलाय. येऊ नकोस म्हटलं तर चिडली, मत्सर वाटतोय का तुला, म्हणाली. मी रडले.

फ्रेम गच्चीवरून खाली फेकली. काचेला तडासुद्धा नाही. पोपट वॉचमननं प्रामाणिकपणे वर आणून दिली.

१४ फेब्रुवारी
त्याला कुणीतरी हवंय. दीक्षा नाही मिळणार.

तिचे सगळे कागद जाळले. माझ्या फोटोची निगेटिव्ह काढली. फ्रेममध्ये घातली. चाप मीच लावले.

१५ फेब्रुवारी
दीक्षाचा फोन. डाग गेले! गळा मोकळा. उड्या मारत होती पोर. बरं वाटलं, खरंच बरं वाटलं —

माझ्या चित्रात तो खांद्यावर नाही. त्यानं माझा हात धरलाय.

डावा हात गार पडलाय. अंगठी सैल —

१६ फेब्रुवारी
ऊन आलं. फ्रेममध्ये आज निगेटिव्ह नाही, काहीच नाही, नुसता कागद. तरी उमटतंय. दोन हात. एकाची करंगळी अर्धी. दुसऱ्याच्या बोटावर खड्याचा उंचवटा —

जिन्यात दीक्षा. ताई, ताई करत येतेय. दाराला कडी आहे. दीक्षा, फ्रेमला हात लावू नकोस, काच पुसू नकोस, मला शोधायला म्हणून सुद्धा —

मला वाटत होतं डाव्या हातानं वही धरलीय. आत्ता खाली बघितलं तर