बांजुलहून येणारे पाहुणे

क्लेमेंटी, सिंगापूर, ५ फेब्रुवारी २०१७

प्रिय सुलेखा आत्या,

तर सायकलची घंटी. परवा फोनवर आपलं बोलणं तिथेच राहिलं, कारण बाबा आले आणि तू फोन त्यांच्याकडे दिलास. गुडघा कसा आहे? मी मजेत.

पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बियात मत कागदावर देत नाहीत, काचेच्या गोटीने देतात, खरंच. प्रत्येक उमेदवाराचा एक पत्र्याचा ड्रम. गोटी टाकली की आत घंटी वाजते. दोनदा वाजली तर चोरी पकडली. सायकलच्या घंटीने गोंधळ होऊ नये म्हणून त्या दिवशी मतदान केंद्राजवळ सायकलला बंदी. हे मला लामिनने सांगितलं, आम्ही इथल्या पुलाउ उबीन बेटावर सायकली घेऊन गेलो होतो तेव्हा. लामिन म्हणजे आमच्या डिपार्टमेंटमध्ये पीएचडी करतो तो, गॅम्बियाचाच.

डिसेंबरमध्ये तिथला बावीस वर्षं बसलेला राष्ट्राध्यक्ष हरला. आधी मान्य केलं, मग म्हणाला, जात नाही. शेजारच्या देशांचं सैन्य आलं, तेव्हा कुठे जानेवारीत गेला. मी देव पाण्यात घालून बसले होते. लेक्चरमध्ये फोन, हॉकर सेंटरमध्ये जेवतानाही फोन. रूममेट गार्गी म्हणाली, "तू काय गॅम्बियाची सून आहेस का गं?" मी हसले, आणि तिला कळलं.

लामिनचे वडील शिक्षक. सरकारविरुद्ध बोलले म्हणून देश सोडून सेनेगलला राहावं लागलं. गेल्या आठवड्यात ते राजधानीत, बांजुलला, आपल्या घरी परतले.

त्यांच्यात लग्नाचं विचारायला मुलीच्या घरी कोला नावाच्या कडू बिया नेतात, आपल्याकडे सुपारी असते तसं. मोठी माणसं घेऊन जातात. लामिनचे वडील म्हणायचे, "मुलगी मागायची तर स्वतःच्या दारातून निघून मागायची." म्हणून आम्ही दोघं थांबलो होतो. आता त्याचे काका मार्चमध्ये कोला घेऊन निघतायत. पुण्याला. बाबांकडे.

हो आत्या, तो मुसलमान आहे. मला धर्म बदल असं कोणी म्हटलेलं नाही, मी बदलणारही नाही. मी त्याला हो म्हटलंय आणि ते मागे घेणार नाही.

व्हिडिओ कॉलवर त्याने बाबांना छान "नमस्कार काका" केलं होतं. नंतर बाबा मला म्हणाले, "मित्र असू दे. घरी नको आणूस." मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

पाहुणे दारात आले तर बाबा त्यांना चहा न देता परत पाठवणार नाहीत, हे मला माहितीये. पण न सांगता आणणं म्हणजे फसवणं वाटतं. आणि आधी सांगितलं तर ते येऊच देणार नाहीत. ते ऐकतात फक्त तुझं.

बाबांची लाडकी, आजपर्यंत तरी,
क्षिप्रा

आधी सांगू, की पाहुण्यांना येऊ देऊ? तू काय केलं असतंस?