पाठवणीची चाल

धुळे, १९९४

लोटननाना,

तुम्ही गेलात, तरी लिहितोय.

आपल्या सिनेमातल्या पाठवणीला संगीत मागताना मी एवढंच म्हणालो होतो, "माय दारमा उभी शे." सनई सुचवायला जीभ वळवळत होती, पण गप्प बसलो. श्रावणात कानबाई देवीला विसर्जनाला नदीवर पोचवतात ना, ती चाल तुम्ही पेटीवर संथ केलीत. धरणगावच्या तंबूत पडद्यावरची पोर निघाली आणि बायांनी चपला काढून हात जोडले!

परवा माझ्या लेकीच्या, रंजनाच्या पाठवणीला बँडवाल्याने न सांगता तुमची तीच संथ चाल धरली.

"कोणाची रे ही?" मी त्याला विचारलं.

"हाई तं आजीना वखतनी शे, आबा!"

तुमचं नाव ओठांवर आलं होतं, नाना. तेव्हासारखाच गप्प बसलो.

तुमचा,
वना